ठेव जशीच्या तशी

भाईंदर (पश्चिम),
९ डिसेंबर २०२५

चि. समिधा हिस आशीर्वाद.

तुझे कार्ड काल दुपारी मिळाले. पोस्टमनने ते वर न आणता खाली गुणवंतभाईंच्या वह्यांच्या दुकानात ठेवले, त्यामुळे माझ्याआधी ते त्यांनी वाचले. जिन्यातूनच त्यांनी हाक मारली, "ईश्वरभाई, बेटी का कार्ड आया! दो साल के बाद!" दोन वर्षे नव्हेत, दोन वर्षे चार महिने. मी त्यांना तसे सांगितले.

कार्डावर मायना नाही, तारीख नाही, शेवटी नावापूर्वी 'तुमची' असा साधा शब्दही नाही. तीन वाक्ये आहेत. "आईची ठेव फेब्रुवारीत पूर्ण होते. मला आता त्या पैशांची गरज आहे. ते आहेत ना?" तुझा राग अजून गेलेला नाही, हे मी समजलो. तुझ्या आईच्या तेराव्याला तू लिहिलेला श्रद्धांजलीचा मजकूर मी लाल शाईने दुरुस्त केला, आणि तो सोसायटीच्या फलकावर तसाच खुणांसह लागला, हे योग्य झाले नाही. मात्र फलकावर लावण्याचे काम माझे नव्हते. ते रखवालदाराने केले. चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधन केलेल्या माणसाच्या हातात कागद दिला की त्याचा हात चालतो. याहून अधिक समर्थन मी करणार नाही.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर: ठेव जशीच्या तशी आहे. पावती लोखंडी कपाटात, आईच्या पाटल्यांच्या रिकाम्या डबीखाली आहे. रक्कम सहा लाख रुपये. मुदत २० फेब्रुवारी २०२१ ते २० फेब्रुवारी २०२६. नावे अनसूया आणि ईश्वर, दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात असणारा. बावीस वर्षे ब्लाउज शिवून आणि आजूबाजूच्या मुलींना शिवण शिकवून तिने हे पैसे जमवले, आणि ते तुझ्यासाठी जमवले, याचा मला विसर पडलेला नाही.

तू नीरजरावांचे घर सोडून साताऱ्यात खोली घेऊन राहतेस, असे शेजारच्या वासंतीबेनकडून कळले. मला ते तुझ्याकडून कळायला हवे होते. गरज कशाची आहे, ते कळव.

तुझे वडील,
ईश्वर रघुनाथ आंबेरकर


३० डिसेंबर २०२५

चि. समिधा हिस आशीर्वाद.

पत्र पावले. साताऱ्यात स्वतःचे घर घेण्याचा तुझा निश्चय वाचून बरे वाटले. एक खोली आणि स्वयंपाकघर एकट्या माणसास पुरेसे आहे. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतील नोकरीवर तुला तेरा लाखांचे कर्ज मंजूर झाले, ही लहान गोष्ट नाही.

परंतु बयाणा देण्यापूर्वी तू मला विचारायला हवे होतेस. एक्कावन्न हजार रुपये! तू लिहितेस, "तुम्ही ठेव जशीच्या तशी आहे म्हणालात म्हणून दुसऱ्याच दिवशी बयाणा देऊन टाकला." माझ्या एका वाक्यावर इतका भरवसा तू यापूर्वी कधी टाकला नव्हतास. करारात बयाणा परत मिळण्याची तरतूद आहे काय? नीट वाचून कळव. उरलेले सहा लाख फेब्रुवारीअखेर द्यायचे आहेत, ही मुदत मार्चअखेरपर्यंत वाढवून मागता येईल काय, तेही पाहा.

यात काळजीचे कारण आहे असे नाही. बँकेत एक लहानशी बाब विचारून घ्यायची आहे, म्हणून लिहिले.

आणखी एक. तुझ्या खोलीत सध्या काही सामान आहे. तू गेल्यानंतर, म्हणजे लग्न होऊन गेल्यानंतर, ती खोली रिकामीच होती. २०२१ साली मी माझे पुस्तक छापले, हे तुला ठाऊक आहे. 'लेखनशुद्धीची वाट', पाने तीनशे बारा, कापडी बांधणी. एक हजार प्रती काढल्या. एकशे अठरा विकल्या गेल्या, एकशे चाळीस मी शाळांना आणि ग्रंथालयांना दिल्या. उरलेल्या सातशे बेचाळीस तुझ्या खोलीत जमिनीपासून खिडकीच्या चौकटीपर्यंत रचलेल्या आहेत. तुझा पलंग त्यांच्या मागे आहे. तो दिसत नाही, पण आहे.

छपाईला दोन लाख चाळीस हजार रुपये लागले. ते कोठून आले, असे तू विचारशील. त्याविषयी पुढे लिहीन.

त्या वेळी गुणवंतभाईंशी मी सहज बोललो होतो. त्यांच्या दुकानाचे बँकेत ओव्हरड्राफ्टचे खाते आहे. परिभाषेत यास अधिकर्ष म्हणतात: खात्यात असतील त्याहून अधिक पैसे काढण्याची मुभा. ते म्हणाले, "ओडी रात को घर में नहीं रखने का, ईश्वरभाई. सुबह उठाया, माल बेचा, शाम को भर दिया. रात रहा तो वो खाना मांगता है." मोडके हिंदी, गुजराती वळणाचे; एकही वाक्य सरळ नाही. व्यवहाराची गोष्ट अशा भाषेत कोणी गंभीरपणे घ्यावी?

थंडी पडली आहे. आईची लोकर तुझ्याकडे आहे ना?

ईश्वर रघुनाथ आंबेरकर


१२ जानेवारी २०२६

चि. समिधा हिस आशीर्वाद.

बयाणा परत मिळत नाही, आणि मुदत एक दिवसही वाढत नाही, असे तू कळवलेस. ते पत्र घेऊनच मी आज बँकेत गेलो.

मी लिहिले होते की ठेव जशीच्या तशी आहे. ते वाक्य खोटे नाही. पावतीवर आजही सहा लाख आहेत. परंतु त्या पावतीवर बँकेचा बोजा आहे. जून २०२१ मध्ये त्या ठेवीच्या तारणावर मी ओव्हरड्राफ्ट घेतला. पुस्तकाचे दोन लाख चाळीस हजार त्यातून दिले. पुढे जानेवारी २०२३ मध्ये इमारतीचे खांब दुरुस्त करण्यासाठी सोसायटीने प्रत्येकाकडून एक लाख रुपये घेतले, तेही त्यातूनच दिले. आईची त्याला संमती होती. अर्जावर तिची सही आहे.

मी तेव्हा हिशेब केला होता. ठेवीवर बँक आपल्याला सात टक्के देते, ओव्हरड्राफ्टवर नऊ टक्के घेते. फरक दोन टक्क्यांचा. दोन लाख चाळीस हजारांवर वर्षाला चार हजार आठशे, म्हणजे महिन्याला चारशे रुपये. चारशे रुपयांत माझे चाळीस वर्षांचे काम छापले जात होते, आणि ठेव मोडावी लागत नव्हती. पुस्तके विकली गेली की मुद्दल भरून टाकायचे. या हिशेबात मला आजवर एकही चूक दिसली नव्हती.

बँकेत दिव्या नावाची अधिकारी आहे, तुझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिले. तिचे बोलणे मी जसे ऐकले तसे लिहितो.

"काका, हे अकाउंट मायनसमध्ये आहे. चार ब्याण्णव आठशे पन्नास."

"मायनस म्हणजे उणे. चार लाख ब्याण्णव हजार? मी तीन लाख चाळीस हजारच उचलले आहेत."

"हो ना, मग बाकीचं व्याज. साडेचार वर्षांत तुम्ही यात एक रुपयापण भरला नाहीये."

मी म्हणालो, ठेवीचे व्याज आणि याचे व्याज यांची वजाबाकी होते, फरक केवळ दोन टक्के पडतो, असे मला सांगण्यात आले होते.

ती म्हणाली, "पण ठेवीचं व्याज कुठे जातंय, काका? दर तीन महिन्यांनी साडेदहा हजार तुमच्या सेव्हिंगला पडतात. आणि ते तुम्ही काढताय. हे बघा, पडले की दोन दिवसांत काढलेत. मग वजाबाकी कशातून होणार? ते साडेदहा इकडे वळवले असते ना, तर दोनच टक्के पडले असते. तुम्हाला पूर्ण नऊ पडतायत. आणि दर महिन्याचं व्याज भरलं नाही की ते मुद्दलात जातं, मग पुढच्या महिन्यात त्याच्यावर पण व्याज."

"व्याजावर व्याज."

"हां. काका, तुम्ही स्टेटमेंट बघत नव्हता का?"

समिधा, मी बघत होतो. दर महिन्याच्या एक तारखेस मी बँकेच्या यंत्रावर पासबुक छापून घेतो. घरी येऊन प्रत्येक ओळ तपासतो, बरोबर असेल तर लाल शाईने खूण करतो. साडेचार वर्षांत त्यात एकही चूक निघाली नाही. ते बचत खात्याचे पासबुक होते. ओव्हरड्राफ्टच्या खात्याला पासबुक नसते. त्याचा उतारा मागून घ्यावा लागतो. तो मी कधी मागितला नाही. मोबाइलवर बँकेचे इंग्रजी निरोप येत, अर्धवट तोडलेल्या शब्दांचे. ते मी न वाचता काढून टाकत असे.

साडेदहा हजार मी का काढत होतो, हेही लिहितो. छापखान्याची भविष्यनिर्वाह योजनेची पेन्शन मला दोन हजार नऊशे रुपये मिळते. सोसायटीचे मासिक शुल्क एकवीसशे आहे.

आज उरतात एक लाख सात हजार एकशे पन्नास रुपये. तुला सहा लाख हवे आहेत. व्याजाचे म्हणून गेले ते एक लाख बावन्न हजार आठशे पन्नास.

मी निघालो तेव्हा ती मुलगी म्हणाली, "काका, घरी कोणी आहे ना? रिक्षा बोलवू का?" मी चालत आलो.

ईश्वर रघुनाथ आंबेरकर


२७ जानेवारी २०२६

समिधा,

तुझ्या कार्डावर एकच वाक्य आहे: "आईला माहीत होते का?"

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडले आहे. फाडलेल्या तिन्ही पत्रांत सर्व वाक्ये निर्दोष होती.

आईला माहीत नव्हते.

ठेव दोघांच्या नावे असल्यामुळे तारणाच्या अर्जावर दोघांच्या सह्या लागत होत्या. अर्ज इंग्रजीत होता. तुझी आई इंग्रजी वाचत नसे, आणि कागद वाचण्याचे काम घरात माझे होते. तिने अठ्ठेचाळीस वर्षांत माझ्या हातून आलेला कोणताही कागद पुन्हा वाचून पाहिला नाही. ती शिवणयंत्रावर बसली होती. पायाखालची पट्टी न थांबवता तिने विचारले, "कसला हो हा?" मी म्हणालो, "ठेवीच्या नोंदीचा आहे. पत्ता अद्ययावत करायचा आहे." तिने टाचण्या तोंडात धरूनच सही केली. 'अनसूया' यातील 'सू' तिने नेहमीप्रमाणे ऱ्हस्व लिहिला. मी तिला टोकले. ती हसली, म्हणाली, "बँकेला चालतो ना? मग तुम्हाला का चालत नाही?"

मी अपराध करीत होतो आणि तिचा उकार तपासत होतो.

पुस्तक छापून आले तेव्हा तिने विचारले, इतके पैसे कोठून आणले. मी म्हणालो, छापखान्याच्या मालकाने उधारीवर छापून दिले. तिला खरे वाटले. ती प्रत्येक बाईला सांगे, "यांना मालक किती मानतात, बघा." पुस्तक तिला अर्पण केले होते. ते पान तिने बोटाने चाचपून पाहिले आणि म्हणाली, "माझं नाव कशाला घातलंत? समीचं घालायचं." तेव्हा सांगता आले असते. त्या दिवशी व्याज महिनाभराचे झाले होते, अठराशे रुपये.

नंतर ऑगस्ट २०२३. तीन दिवस ती रुग्णालयात होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तू डबा आणायला खाली गेलीस. तिने प्राणवायूचा मुखवटा स्वतःच बाजूला केला आणि विचारले, "समीची ठेव नीट आहे ना हो? नीरजरावांचं काही खरं नाही. तिला लागेल कधीतरी."

मी म्हणालो, "जशीच्या तशी आहे."

तेच वाक्य मी तुला डिसेंबरात लिहिले. ते मला आठवून लिहावे लागले नाही. ते तयारच होते. या वाक्यावर विश्वास ठेवून ती गेली आणि त्याच वाक्यावर तू एक्कावन्न हजार रुपये देऊन बसलीस. तेराव्याला तुझ्या मजकुरावर मी लाल शाई का चालवली, तेही आता लिहितो. त्यात तू लिहिले होतेस, "आईने मागे काहीही अर्धवट ठेवले नाही, कारण बाबांनी तिचे सगळे नीट सांभाळले." त्या वाक्यात चूक नव्हती. मी ते वाचून पुढे जाऊ शकलो नाही, म्हणून आजूबाजूच्या चौदा चुका काढल्या.



बाबा


२३ फेब्रुवारी २०२६

चि. समिधा,

तू उत्तर दिलेले नाहीस. घराचा व्यवहार मोडला आणि बयाणा गेला, एवढे वासंतीबेनना दूरध्वनीवर सांगितलेस, ते त्यांनी मला सांगितले.

२० तारखेस ठेव पूर्ण झाली. बँकेने चार लाख अठ्ठ्याण्णव हजार नऊशे पंच्याण्णव रुपये वळते करून घेतले. माझे १२ जानेवारीचे पत्र आणि ही तारीख यांच्या दरम्यान सहा हजार एकशे पंचेचाळीस रुपये वाढले. नुसते बसून राहण्याचे ते भाडे. दिव्याने कागदावर शिक्का मारला आणि म्हणाली, "ओडी बंद झालं, काका. झिरो." तिला वाटले की मला बरे वाटेल.

उरलेले एक लाख एक हजार पाच, ठेवीचे शेवटचे व्याज साडेदहा हजार, आणि पुस्तकांचे चार हजार आठ, असे एकूण एक लाख पंधरा हजार पाचशे तेरा रुपये आज तुझ्या खात्यावर पाठवले आहेत.

पुस्तकांचे चार हजार आठ कसे आले, ते लिहितो. स्टेशनाजवळचा रद्दीवाला वर येऊन पाहून गेला. एक प्रत हातात घेऊन, वाकवून म्हणाला, "चाचा, ये जाड पुठ्ठा नहीं चलेगा. कव्हर निकालके दो, तो बारा रुपया किलो. नहीं तो सहा." मी त्याला विचारले, पुठ्ठा तुम्हीच काढाल काय? म्हणाला, "मेरा आदमी इतना टाइम कहां देगा? पढ़ने-वाढ़ने का तो नहीं ना अब?"

पुठ्ठे मी काढले. सहा दिवस लागले. कापडी बांधणी चांगली झाली होती. सहजासहजी सुटत नव्हती. आईच्या शिवणाच्या कात्रीने आधी शिवण कापायची, मग पाठीवर पाय ठेवून ओढायचे. गुणवंतभाई दोन दिवस वर येऊन बसले. पहिल्या दिवशी थट्टा केली, "ईश्वरभाई, इतना मेहनत लिखने में भी किया था क्या?" दुसऱ्या दिवशी दुसरी कात्री घेऊन बसले. अर्पणपत्रिकेचे पान ते वेगळे काढून ठेवीत होते. मी म्हणालो, राहू द्या, त्याचेही वजन भरते. तीनशे चौतीस किलो भरले.

खोली रिकामी झाली आहे. पलंग दिसतो. खिडकी पाच वर्षांनी उघडली. तिची एक काच फुटलेली निघाली, ती बसवून घेतली. भिंतीवर तू शाळेत असताना चिकटवलेला नकाशा पुस्तकांच्या मागे होता तसाच आहे, थोडा ओल लागलेला.

तुला घर हवे होते. मी तुझे घर घालवले. ही सदनिका विकून पैसे देता येतील काय, याची मी चौकशी केली. पुनर्विकासाचा वाद न्यायालयात असल्याने तूर्त विक्री होत नाही. परंतु राहता येते. भाईंदरात प्रयोगशाळा पुष्कळ आहेत. तू येथे यावेस, ही विनंती आहे. तू आल्यास मी बाहेरच्या खोलीत राहीन. मी फारसे बोलणार नाही. तुझ्या कोणत्याही कागदाला हात लावणार नाही.

हे मला डिसेंबरातच लिहिता आले असते. मी तेव्हा मायना शोधत होतो.

बाबा


३१ मार्च २०२६

चि. समिधा,

तुझे कार्ड ३ तारखेस मिळाले. "मी येनार नाही. खोली भाड्यानी द्या. पैसे पाठवा." तुझ्या सांगण्याप्रमाणे केले आहे.

खोली गुणवंतभाईंनी घेतली. त्यांना वह्यांसाठी गोदाम हवेच होते. भाडे महिन्याला चार हजार रुपये. मी पाच मागितले. ते म्हणाले, "चार में दो, ईश्वरभाई, मैं पहली तारीख को दूंगा, मांगना नहीं पड़ेगा." आणि त्यांनी मार्चचे भाडे ५ तारखेलाच आणून दिले. आता तेथे पुन्हा जमिनीपासून खिडकीपर्यंत खोकी आहेत. शाळेच्या वह्या आहेत, कोऱ्या. तुझा पलंग त्यांच्या मागे आहे. नकाशा काढून कपाटात ठेवला आहे, पाटल्यांच्या डबीखाली, जेथे पावती होती.

तू पैसे पाठवा म्हणालीस. किती, ते लिहिले नाहीस. म्हणून हिशेब मी मांडला आहे. आईचे सहा लाख आणि तुझा बयाणा एक्कावन्न हजार, मिळून सहा लाख एक्कावन्न हजार. त्यातून एक लाख पंधरा हजार पाचशे तेरा वजा जाता मी तुला पाच लाख पस्तीस हजार चारशे सत्त्याऐंशी रुपये देणे लागतो. यावर १ मार्चपासून नऊ टक्के व्याज धरले आहे, महिन्याच्या महिन्याला आकारून. बँकेने मला जो दर लावला, त्याहून कमी दराने तुझे पैसे वापरण्याचा मला अधिकार नाही.

मार्च महिन्याचे व्याज चार हजार सोळा रुपये झाले. खोलीचे भाडे चार हजार. भाडे नुसते पाठवले असते, तर सोळा रुपये मुद्दलात गेले असते आणि पुढच्या महिन्यात त्यांच्यावर व्याज चढले असते. दिव्याने जानेवारीत सांगितले ते मला तेव्हा शब्दशः कळले होते. ते सोळा रुपये हातात घेऊन बसलो तेव्हा खरे कळले.

सोळा मी घातले. त्याखेरीज छापखान्याच्या नव्या मालकाकडे जाऊन काम मागितले. तो म्हणाला, "काका, आता सगळं कॉम्प्युटर तपासतो. पण लग्नपत्रिका बघाल का? आजोबांचं नाव चुकलं की लोक पैसे देत नाहीत." एका पत्रिकेचे चाळीस रुपये. मार्चमध्ये तीन पत्रिका मिळाल्या. एकशे वीस रुपये.

आज तुझ्या खात्यावर चार हजार एकशे छत्तीस रुपये पाठवले आहेत. सोबत उताऱ्याचा कागद जोडला आहे. यात सर्व ओळी आहेत. एकही बाजूला ठेवलेली नाही. मी तो तपासला आहे, पण त्यावर खूण केलेली नाही. खूण तू करायची आहेस.

एप्रिलच्या पहिल्या तारखेस मुद्दल: पाच लाख पस्तीस हजार तीनशे सदुसष्ट रुपये.

मला एकोणऐंशीवे लागले आहे.

तुझा ऋणको,
बाबा